पदरची अठ्ठेचाळीस मिनिटं

प्रल्हादराव मुखेडकर सकाळपासून चिडलेले होते आणि नेमकं कुणावर चिडावं, हे दुपारपर्यंत ठरत नव्हतं. सकाळी ते परमेश्वरावर चिडले; पण त्याच्याकडून लेखी उत्तर येण्याची पद्धत नाही. मग ते रुग्णालयाच्या लिफ्टवर चिडले, मग कॅन्टीनच्या चहावर. साडेबारा वाजता डॉक्टर हरलीन कौर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आजचंही हृदय नांदेडला आलं नाही, नाशिकला गेलं. तेव्हा प्रल्हादरावांना एकदाचा योग्य पत्ता मिळाला. ते यंत्रावर चिडले.

हृदय त्यांच्या मुलीला हवं होतं. ऋतुजा एकेचाळीस वर्षांची, कन्याशाळेत भूगोल शिकवायची. कसल्याशा विषाणूच्या तापानं तिच्या हृदयाचा स्नायू सैल पडला होता, जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा. ही उपमा तिची स्वतःची. डॉक्टरांच्या अंदाजानं तिच्याजवळ सहा-सात आठवडे होते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती वडिलांकडेच राहायची, त्यामुळे चिडायला हक्काचं माणूस दोघांनाही एकेकच होतं.

"हे चौथं, काका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या चार पिढ्या गोदावरीच्या काठी गेलेल्या. अस्सल नांदेडी मराठी बोलायच्या. "आपलं केंद्र सुरू होऊन दोन वर्षं झाली. थिएटर तयार, माझी माणसं तयार. पुण्याहून एक हृदय आलेलं नाही. सात पत्रं लिहिली मी. उत्तर एकच, आकडे नोंदणीकृत आहेत."

"कसले आकडे?"

"माहिती अधिकारात मागितलेत. आज-उद्या येतील."

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते वाईट नव्हतं. पूर्वी हृदय छातीतून काढलं की बर्फात ठेवत, आणि चार तासांत ते दुसऱ्या छातीत बसायला हवं, असा ढोबळ नियम होता. मग उबदार पेटी आली. पेटीत हृदयातून रक्त फिरतं ठेवत, आणि ते आपलं कुणी ऐकत असो-नसो धडधडत राही. त्यामुळे पूर्वी नाकारली जाणारी थकलेली हृदयंही कामाला येऊ लागली. फक्त त्यांना धीर कमी. खरा शोध त्यानंतरचा. पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया नावाची इवली इंजिनं असतात. ती किती दमली आहेत, हे पेटीतल्या रक्तात उतरणाऱ्या तीन द्रव्यांवरून कळू लागलं, आणि प्रत्येक हृदयाला स्वतःचा आकडा मिळाला. हे एकशे साठ मिनिटं टिकेल, ते एकशे चाळीस. त्यापुढे ते नुसतं मांस.

आकडा मिळाला की वाटप यंत्र करी. माणसांकडून ते काम काढून घेतलं होतं, कारण माणसांना फोन येत. यंत्र कोण किती आजारी आहे ते बघे, कुणाला काय जुळतं ते बघे आणि मग मिनिटांची बेरीज मांडे. रुग्णालय ते विमानतळ, विमानाचा प्रवास, पुन्हा विमानतळ ते रुग्णालय, शेवटी शस्त्रक्रियेची तयारी. पेटी न्यायला 'घार' नावाचं बिनवैमानिकाचं छोटं विमान होतं. बेरीज हृदयाच्या आकड्यात बसली तर गाव पात्र, नाही तर नाही. मंत्र्याच्या मेहुण्यालाही त्यानं दोनदा 'अपात्र' म्हणून कळवलं होतं, आणि त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले होते. प्रल्हादरावांनीही दोन खाल्ले होते.

आकड्यांचा कागद दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टरांनी तो ऋतुजाच्या खोलीतच वाचून दाखवला. कालच्या हृदयाला मिनिटं होती एकशे अडुसष्ट. नांदेडची बेरीज, पुण्यातला रस्ता बावीस, उड्डाण शंभर, इथला रस्ता चौदा, तयारी चाळीस. एकूण एकशे शहात्तर. अपात्र.

"आठ मिनिटांनी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पुण्याहून निघणाऱ्या हृदयाला एकशे सत्तरच्या वर आकडा मी तरी बघितला नाही. म्हणजे आपण कधीच बसणार नाही." असं म्हणून त्या पुढच्या खोलीत गेल्या, कारण तिथंही कुणी तरी वाट बघत होतं.

ऋतुजा डोळे मिटून पडली होती. बोलायला तिला श्वास पुरत नसे, म्हणून ती शब्द मोजून वापरी आणि त्यामुळे ते जास्त लागत.

"बाबा. पुणे-नांदेड. हवेतून किती?"

"तीनशे सत्तर किलोमीटर."

"शंभर मिनिटं. म्हणजे ताशी दोनशे बावीस." ती थांबली. "या वेगानं विमान उडत नाही. पडतं."

प्रल्हादराव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

"शीघ्रगामी एअरवेजचं," ती म्हणाली, "वेळापत्रक कोण करायचं?"

वेळापत्रक प्रल्हाद मुखेडकर करायचे. एकतीस वर्षं.

हे समजायला त्यांच्या घरातली घड्याळं बघायला हवीत. मुखेडकरांकडे दिवाणखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असे, स्वयंपाकघरातलं पंधरा. घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक जण मनात दहा वजा करी आणि व्हायचा तेवढा उशीर करीच. आपल्याकडे कुणाचं घर याला अपवाद असेल असं वाटत नाही. पाहुण्याला साडेसात सांगायचं ते आठला यावा म्हणून, आणि पाहुणाही समजून साडेआठला येतो. सांगणारा पदरची मिनिटं घालतो, ऐकणारा ती काढून टाकतो, आणि दोघांचीही आपण फसलो नाही अशी खात्री असते.

प्रल्हादरावांनी ही घरगुती कला विमानात नेली. सरकारनं ठरवलं होतं की ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचेल ते विमान वक्तशीर. विमान वेळेवर पोचवायला बरीच माणसं राबावी लागतात. वेळ लांबवून लिहायला एक माणूस पुरतो. पुणे-नांदेड प्रवास बावन्न मिनिटांचा. प्रल्हादरावांनी शंभर लिहिले. विमान रोज पाऊण तास आधी पोचू लागलं, वैमानिक मराठीतून अभिनंदन करू लागला, आणि उतरताना लोक टाळ्या वाजवू लागले. सलग नऊ वर्षं शीघ्रगामी देशात पहिली आली. प्रल्हादरावांना ढाल मिळाली.

मग रुग्णांच्या नातेवाइकांनी न्यायालयात धाव घेतली, की यंत्र प्रवासाची मिनिटं कुठून आणतं. न्यायालय म्हणालं, आकडा नोंदणीकृत हवा, कुणाच्या मनचा नको. म्हणून विमान कंपन्यांनी सह्या करून सरकारला दिलेली जुनी वेळापत्रकं यंत्रात भरली. एका वाटेवर घार तीनदा उडाली की जुना आकडा जाऊन घारीची खरी वेळ लागायची. यंत्र शिकत होतं. पण ते जिथे जाई तिथलंच शिकत होतं. नांदेडचा आकडा शंभर, म्हणून नांदेड अपात्र. अपात्र म्हणून घार तिकडे जात नाही. जात नाही म्हणून आकडा शंभरच. यंत्राला जगातलं सगळं गणित येत होतं. फक्त मुखेडकरांच्या घरातलं घड्याळ वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"अठ्ठेचाळीस मिनिटं," ऋतुजा म्हणाली. "पदरची."

"अगं, सगळेच घालायचे. कुणाला वाटलं होतं की हे पुढे—"

"तुमच्या कागदावर विमान रोज पडायचं, बाबा. वेळेवर पडायचं. म्हणून ढाल." तिला धाप लागली. तिनं ती निवू दिली. मग तिनं विचारलं, "फक्त नांदेडच?"

"फक्त नांदेडच," प्रल्हादराव म्हणाले.

त्यांनी बाहेर व्हरांड्यात येऊन शीघ्रगामीला फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर आता वृषाली गोठोस्कर होती. तिला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं.

"सर, किती दिवसांनी! तब्येत काय म्हणते?"

"माझी ठणठणीत आहे. मुलीची नाही." त्यांनी सगळं सांगितलं. "तो आकडा दुरुस्त करून दे. एका ओळीचं पत्र आहे."

"सर, नांदेड आपण केव्हाच बंद केलं."

"विमान बंद केलंत. आकडा चालू आहे."

"पण दुरुस्त करायचा म्हणजे आधीचा चूक होता, असं द्यावं लागणार. मग ते विचारणार, बाकीचे? पुण्याच्या विमानतळावर सकाळच्या उड्डाणाच्या वेळा आपल्याला वक्तशीरपणावर मिळतात, सर. तुम्हाला मी काय सांगणार."

"वृषाली, तो आकडा मी लिहिलाय. मी म्हणतोय तो खोटा आहे."

"पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतं, सर? आकडा खोटा नसतो, ऐसपैस असतो."

सांगितलं होतं. त्या वेळी ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं, संध्याकाळी घरी येऊन बायकोलाही ऐकवलं होतं.

"तुमच्या नावानं दर वर्षी ढाल देतो आम्ही," वृषाली म्हणाली. तिचा आवाज खरोखर प्रेमळ होता, हेच वाईट होतं. "मुखेडकर ढाल. यंदा अकोल्याला गेली. कंपनीकडून होणार नाही, सर. पण मूळ सही करणारा स्वतः अर्ज करू शकतो, बघा तुम्ही."

हल्लीच्या फोनांत आपटण्याची सोय राहिलेली नाही. प्रल्हादरावांनी तो नीट खिशात ठेवला आणि भिंतीला लाथ मारली. भिंत दोन वर्षांपूर्वीची होती, अंगठा बहात्तर वर्षांपूर्वीचा. लंगडत लंगडत ते यंत्र चालवणाऱ्या समवाटप केंद्राच्या नांदेडच्या कार्यालयात पोचले.

तिथले अधिकारी गंगाधर कानगुले यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"दोन फॉर्म आहेत," ते म्हणाले. "चूक झाली म्हणायलेत का खोटं लिहिलं म्हणायलेत, ते आधी ठरवा."

"फरक काय?"

"चूक म्हणालात तर चौकशी बसते. कंपनीला नोटीस, त्यांचं उत्तर, त्याच्यावर तुमचं. नव्वद दिवस. खोटं म्हणालात तर आकडा आजच्या आज रद्द. खोटा कागद एक दिवसबी ठेवता येत नाही आम्हाला. मग यंत्र अंतरावरून वेळ काढतं. पण तुमच्यावर खटला चालतो."

"म्हणजे चुकलेल्यानं तीन महिने थांबायचं आणि लबाडाचं काम लगेच."

"नियम मी नाही केले, काका."

प्रल्हादरावांनी फॉर्म पुढे ओढला. एकतीस वर्षं त्यांनी स्वतःला हुशार म्हणवून घेतलं होतं. आता लबाड ठरायला त्यांना सही करावी लागत होती, तीही तीन प्रतींवर. त्यांनी केली. 'जाणूनबुजून' हा शब्द स्वतःच्या हातानं लिहावा लागतो, तोही लिहिला. मग कानगुल्यांनी फॉर्म फिरवून बघितला.

"ओळी बारा आहेत. एकच भरली तुम्ही."

"एकच आहे."

"बाकी गावांचे आकडे खरे हायेत मग?"

प्रल्हादरावांना दोन हजार अकरा सालच्या विमानांचे नोंदणी क्रमांक अजून पाठ होते. "बाकीचं आता आठवत नाही," ते म्हणाले.

आठवत होतं. आणखी अकरा गावं होती. त्यातल्या चार गावांत, जळगाव, सोलापूर, अकोला आणि लातूर इथे, आता हृदय बसवण्याची सोय झाली होती, आणि तिथल्याही वाटेवर घार कधी उडाली नव्हती. सगळी नावं लिहिली तर चार गावांतले रुग्ण एका दिवसात पात्र होणार आणि ऋतुजाच्या पुढेमागे रांगेत येऊन उभे राहणार. एक नाव लिहिलं तर ती एकटी. त्यांनी मनाशी ठरवलं, की बाकीची नावं द्यायचीच. द्यायची नाहीत असं नाही. फक्त तिची शस्त्रक्रिया झाली की. दहा-पंधरा दिवसांनी कुठे काय बिघडतंय.

घार नवव्या दिवशी आली. सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी रुग्णालयाच्या गच्चीवरून लोकांनी तिला विमानतळाकडे उतरताना बघितलं, एकानं शिटी वाजवली. उड्डाणाला एक्कावन्न मिनिटं लागली. प्रल्हादरावांचा अंदाज एका मिनिटानं चुकला होता. पाच तासांनी डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच प्रल्हादराव रडायला लागले, आणि डॉक्टरांनी त्यांना खाली बसवून कॅन्टीनचा तोच चहा पाजला.

शस्त्रक्रिया झाली. मग टाके निघेपर्यंत थांबावं म्हणाले. टाके निघाले, पण थोडी कणकण होती. कणकण गेली, मग घरी येण्याची गडबड. पाच आठवडे गेले आणि बाकीची नावं प्रल्हादरावांच्या मनातच राहिली. तिथे ती अगदी सुरक्षित होती.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ऋतुजानं हाक मारली. तिच्या मनगटावर रुग्णालयानं दिलेला पट्टा होता; त्यातले ठोके टेबलावरच्या पडद्यावर हिरव्या आकड्यांत दिसत.

"बसा, बाबा."

आवाजातला फरक त्यांच्या लक्षात आला. आता तिच्याजवळ श्वास होता.

"आजारी होते तेव्हा मी एक प्रश्न विचारला होता. दुसरा विचारायला दम नव्हता. आता रिकामी बसलेय तर म्हटलं जुनी वेळापत्रकं काढून बाकीचीही मोजू. पुणे-जळगाव सव्वातीनशे किलोमीटर, लिहिलेत पंच्याण्णव मिनिटं. विमान पडलं. सोलापूर, पडलं. अकोला, पडलं. लातूरचं तर इतकं हळू आहे की ते धावपट्टीवरच असणार. सही सगळीकडे तुमची. हे सगळं तुम्हाला आठवत नव्हतं?"

प्रल्हादरावांनी टेबलावरचा पडदा उगाच सरळ केला.

"मी कानगुल्यांना फोन केला. आठवत नाही, असं सांगून आलात तुम्ही. तुम्हाला माझ्या चौथीतल्या रिक्षाचा नंबर आठवतो."

"मी देणारच होतो नावं."

"कधी?"

"तू बरी झालीस की."

"मी बरी आहे. आज तिसरा दिवस मी भाकरी खातेय. कधी?"

"ऋतू, चार गावं तुझ्या रांगेत आली असती. बाप होतो मी तुझा, दुसरं काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतं." ती खालच्या आवाजात बोलत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. "कंपनीसाठी खोटं लिहिलंत, ठीक, तेव्हा तुम्हाला कळलं नाही. हे कळून लिहिलंत. आणि माझ्या नावावर लिहिलंत. चार गावांतल्या माणसांना रांगेबाहेर ठेवून मला आत घेतलंत, आणि मला म्हणालात, फक्त नांदेडच. मी तुमचे आभार मानले, बाबा. घरी आले त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले."

प्रल्हादरावांनी घाबरून पडद्याकडे बघितलं. हिरवा आकडा ब्याण्णववर शांत होता. नव्या हृदयाला नसा जोडलेल्या नसतात, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदू रागावला तर त्याचा निरोप थेट पोचत नाही. रागाची द्रव्यं रक्तात मिसळून वाहत जातात तेव्हा कुठे हृदयाला कळतं. त्यालाही प्रवासाचा वेळ लागतो.

ती बोलायची थांबली. आकडा थोडा वेळ तिथंच राहिला. मग आकडा चढू लागला. शंभर, एकशे आठ, एकशे एकवीस. ती आता अगदी स्वस्थ बसली होती आणि तिच्या छातीत कुणी तरी तिचा राग उशिरा वाचत होतं.

"आत्ता जातो कार्यालयात," प्रल्हादराव म्हणाले.

"तुमचं चालणार नाही. विचारलंय मी. एकदा कबुली देऊन लपवणाऱ्याची दुसरी कबुली चौकशीला जाते. नव्वद दिवस. पण ज्याचं नुकसान झालंय किंवा ज्याचा फायदा झालाय, त्यानं तक्रार केली तर आकडे त्याच दिवशी रद्द होतात." ती उठली. "फायदा माझा झालाय. गाडी काढा."

"अजून तुला बाहेर—"

"तोंडाला मुसकं बांधते. गाडी काढा."

अशा रीतीनं आरोपीनं फिर्यादीला स्वतःच्या गाडीतून, मागची काच वर करून, खड्डे चुकवत कार्यालयात नेलं. वाटेत त्यांनी दोनदा आरशातून बघितलं. दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर बघत होती.

कानगुल्यांनी फॉर्म समोर घेतला. "तक्रार कुणाविरुद्ध?"

"प्रल्हाद मुखेडकर."

"त्यांच्याशी नातं?"

"मुलगी."

कानगुल्यांनी पेन खाली ठेवलं, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पेन पुन्हा उचललं. सरकारी नोकरीत माणसाला पुष्कळ बघावं लागतं. "गावं सांगा."

ऋतुजानं गाव आणि कागदावरची मिनिटं सांगायची, प्रल्हादरावांनी खरी. जळगाव पंच्याण्णव, खरी सत्तेचाळीस. सोलापूर ऐंशी, खरी एकतीस. प्रल्हादराव न अडखळता सांगत होते. अकराच्या अकरा नावं झाली. कानगुल्यांनी कळ दाबली. दोन वर्षं बंद असलेल्या वाटा उघडायला यंत्राला चार सेकंद लागले.

"झालं," कानगुले म्हणाले. मग ते जरा घुटमळले. "ताई, एक सांगतो. आकडे बदलले की यंत्र मागची वाटपं नव्या आकड्यांनी पुन्हा लावून बघतं. फेरगणना म्हणतात. तुम्हाला मिळालेल्या हृदयाचीबी झाली असेल आता. बघायचा तुम्हाला हक्क आहे, सक्ती नाही. माझं ऐकाल तर कामून बघता."

"दाखवा."

"ऋतू, नको," प्रल्हादराव म्हणाले.

"दाखवा," ती म्हणाली.

कानगुल्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. वर त्या दिवसाची तारीख होती. हृदयाची मिनिटं एकशे छप्पन्न. खाली एक ओळ. दुरुस्त आकड्यांनुसार प्रथम पात्र, जळगाव, स्त्री, वय सव्वीस. त्यापुढे, सद्यस्थिती, यादीत नाही.



"यादीत नाही म्हणजे तिला दुसरं मिळालं असेल," प्रल्हादराव घाईनं म्हणाले. "मिळालं असणार. म्हणूनच नाव काढलं असेल."

कानगुले टेबलाकडे बघत बोलले. "मिळालं तर तसं लिहून येतं, काका."

ऋतुजानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिनं तक्रारीवर सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं आणि ते कानगुल्यांना परत दिलं. प्रल्हादरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"तू कशाला मनाला लावून घेतेस," ते म्हणाले. "तुला काय माहीत होतं, ऋतू."

"मला नव्हतं," ती म्हणाली.